मोडी वाचन-सराव प्रकल्प : कामाच्या नोंदी, नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४

शनिवार, ४ नोव्हेंबर २०२३

नमुना क्रमांक ११ आज संकेतस्थळावर चढवला. घरच्या पेटीत सापडलेले हे कर्जखत असून त्यावर माघ महिना, शके १७१४ असा उल्लेख आहे. म्हणजे इसवी सन १७९२. कागदाचे छायाचित्र डावीकडे आणि गुरुजींनी केलेले देवनागरी लिप्यंतर उजवीकडे झाकलेले, अशी नेहमीचीच मांडणी ठेवली आहे, कारण सराव करणाऱ्याने आधी कागदाशी झटापट करावी आणि मगच उत्तर उघडावे, याविषयी गुरुजी फार कडक आहेत.

प्रकल्पाचे आजचे स्वरूप एकदा लिहून ठेवतो. गुरुजींच्या हातचा अक्षरतक्ता, अकरा सराव-नमुने आणि शक, सुहूर व फसली या जुन्या दफ्तरांतल्या सनांवरून इसवी सन काढून देणारी एक खिडकी, एवढाच पसारा आहे. चार वर्षांत येणाऱ्यांची संख्या दिवसाला वीस-तीसच्या पुढे गेलेली नाही आणि त्यांतले निम्मे तरी गुरुजींच्या वाईच्या वर्गातले आजी-माजी विद्यार्थी असावेत. सर्व्हरवरची जागा इतरांबरोबर वाटून घेतलेली, भाड्याची आहे; महिन्याला चाळीस जीबी डेटाची मुभा आहे आणि तिचा दहावा हिस्साही आजवर कधी खर्च झालेला नाही. त्यामुळे छायाचित्रे हलकी करण्याचे काम दर वेळी पुढच्या महिन्यावर जाते. या वेळीही गेले.

गुरुवार, ९ नोव्हेंबर, वसुबारस

संध्याकाळी सातच्या सुमारास पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, तुमच्या साइटवर मोडीच्या जागी नुसते चौकोन दिसताहेत," एवढेच तिने सांगितले. मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. परंतु सगळ्याच फोनांमध्ये मोडीचा फॉन्ट असतो असे नाही, म्हणून आम्ही 'नोटो सान्स मोडी' हा फॉन्ट आमच्याच सर्व्हरवर ठेवला आहे आणि पान उघडताना तो वाचणाऱ्याच्या फोनवर उतरतो. तो उतरला नाही, की प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो. संगणकवाले या चौकोनांना टोफू म्हणतात आणि 'नोटो' हे नावही 'नो टोफू' यावरूनच पडलेले आहे. पान पोहोचते आणि फॉन्ट पोहोचत नाही, याचा अर्थ सर्व्हर गुदमरलेला आहे, असे भाचीचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही, कारण गुदमरण्याइतकी माणसे आमच्याकडे येणार कुठून?

रात्री अकरा वाजता चौकोनही गेले. आता संकेतस्थळाच्या पत्त्यावर ५०९ हा आकडा आणि डेटाची मर्यादा संपल्याचा निरोप एवढेच दिसते.

शुक्रवार, १० नोव्हेंबर, धनत्रयोदशी

सोन्याऐवजी साठ जीबी जादा डेटा विकत घेतला. सकाळी दहा वाजता संकेतस्थळ पुन्हा सुरू झाले आणि त्यानंतर दुपारपर्यंत सर्व्हरची नोंदपत्रके वाचत बसलो.

पहिला आकडा पाहून मी हरखून गेलो होतो, हे कबूल करतो. कालच्या एका दिवसात सर्व्हरकडे पन्नास हजारांवर मागण्या आल्या होत्या. भाचीने लगेच जमिनीवर आणले: एक पान उघडले की त्याबरोबर फॉन्ट, मांडणीच्या फायली आणि प्रत्येक छायाचित्र यांची वेगवेगळी मागणी नोंदवली जाते, त्यामुळे मागण्या मोजणे म्हणजे लग्नाला आलेल्या माणसांऐवजी त्यांच्या चपला मोजण्यासारखे आहे. प्रत्यक्षात आमची पाने उघडणारे बाराशेच्या आसपास होते. तेही आमच्या मानाने चाळीस-पन्नास दिवसांचे वाचक एका दिवसात आल्यासारखेच झाले.

ते कुठून आले, हे शोधायला अधिक वेळ लागला. नोंदपत्रकात एका मोठ्या बातमी-संकेतस्थळाचे नाव पुन्हापुन्हा दिसत होते, परंतु हल्लीचे ब्राउझर वाचक ज्या पानावरून आला त्याचा पूर्ण पत्ता सहसा पुढे पाठवत नाहीत, नुसते संकेतस्थळाचे नाव पाठवतात. त्यामुळे नेमका लेख हाती यायला दुपारचे दोन वाजले. काल दुपारी प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात, जुन्या मोडी नोंदींत आपल्या घराण्याची कुणबी नोंद घरबसल्या कशी शोधावी, हे सांगितले आहे आणि साधन म्हणून आमच्या तक्त्याकडे बोट दाखवले आहे. आम्हाला कोणी विचारले नव्हते, कळवलेही नव्हते.

राज्य शासनाने सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आहे, हे गुरुजींच्या दारातल्या गर्दीवरून आम्हाला दिसतच होते. ती गर्दी आपल्याही दारात येईल, हे मात्र मनात आले नव्हते.

शनिवार, ११ नोव्हेंबर

तो लेख आज शांतपणे दोनदा वाचला. लेखकाने कौतुकच केले आहे. तक्रार कौतुकाविषयी नाही. मोडी ही हेमाडपंताने तयार केलेली गुप्त लिपी होती, असे त्यात ठाम विधान आहे आणि आमचा तक्ता घेऊन बसले, की तास-दोन तासांत आपली नोंद वाचता येते, असाही भरवसा दिला आहे.

हेमाडपंताचे नाव परंपरेने सांगितले जाते, त्याने ती लंकेहून आणली अशीही आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणून सांगायला कोणाची हरकत असणार? परंतु गुप्त हा शब्द साफ चुकीचा आहे. मोडी लपवण्यासाठी नव्हती, भराभर लिहिण्यासाठी होती. शिरोरेषा आधी आखून घ्यायची आणि हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओढत न्यायची, शब्दांत अंतर सोडायचे नाही, विरामचिन्हे द्यायची नाहीत, ह्रस्व-दीर्घाची फारशी पत्रास ठेवायची नाही. दफ्तरातल्या कारकुनाची ही सोय आज आपल्याला कोडे वाटते, एवढेच. गावोगावचे कुलकर्णी जी लिपी रोज लिहीत होते, ती गुप्त कशी असेल?

दुसरे विधान अधिक घातक आहे. आमचा तक्ता पेशवेकालीन वळणाचा आहे, बोरूने लिहिलेल्या सुबक अक्षरांचा. लोक जे शोधत आहेत ते गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत आहे. त्या वह्या इंग्रजी अमदानीतल्या आहेत, टाकाने आणि घाईने लिहिलेल्या आहेत आणि गावागणिक हात बदलतो. आमचा तक्ता शेजारी ठेवून ती वही वाचू पाहणारा माणूस अडखळेल, किंवा अडखळणार नाही आणि चुकीचे वाचेल. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपण गमतीने सांगतो, पण इथे कोणाच्या तरी दाखल्याचा प्रश्न आहे.

त्या संकेतस्थळाच्या संपादकांना दोन्ही दुरुस्त्या कळवणारा ई-मेल सभ्य भाषेत पाठवला.

सोमवार, १३ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन असल्यामुळे काम केले नाही. केले असते तर बरे झाले असते, कारण जादा घेतलेल्या साठ जीबींपैकी आज सकाळी अकराच उरले होते.

भाची दिवाळीसाठी आलीच आहे. फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप ठेवून तिने अर्ध्या तासात जे शोधले, ते मला तीन दिवसांत दिसले नव्हते. बाराशे वाचकांनी चाळीस जीबी संपणे शक्यच नव्हते. त्या मोठ्या संकेतस्थळाने आमच्या अक्षरतक्त्याचे चित्र स्वतःकडे उतरवून घेतलेले नाही. त्यांच्या लेखात चित्राच्या जागी थेट आमच्या सर्व्हरवरच्या फायलीचा पत्ता दिला आहे. त्यामुळे तो लेख जो कोणी उघडतो, त्याच्यासाठी आमचा तक्ता आमच्याच सर्व्हरवरून जातो, मग तो वाचक आमच्याकडे येवो अथवा न येवो. मूळ चित्र ३.२ एमबीचे आहे. ९ तारखेला ते सुमारे ९,४०० वेळा मागितले गेले. गुणाकार केला की तीस जीबी होतात. उरलेल्यात मोठा वाटा सराव-नमुन्यांच्या पानाचा होता: अकरा छायाचित्रे, प्रत्येकी सुमारे १.८ एमबी, म्हणजे एकदा पान उघडले की वीस एमबी. हा दुसरा दोष सर्वस्वी माझा आहे.

उपाय दोन प्रकारचे होते. परक्या पानांवरून आलेली चित्राची मागणी सर्व्हरने नाकारावी, हा रूढ उपाय; तसे केले असते तर त्यांच्या लेखात तक्त्याच्या जागी मोडके चौकट-चिन्ह दिसले असते. अशा वेळी त्याच नावाने एखादे भलतेच चित्र ठेवून समोरच्याची फजिती करण्याची जुनी खोडही संगणकवाल्यांत आहे म्हणे. भाचीला ती कल्पना फार आवडली होती.

आम्ही वेगळेच केले. तक्त्याचे चित्र नव्याने हलके करून ९० केबीवर आणले आणि त्याच चित्रात, अक्षरांच्या वर, ठळक देवनागरीत दोन ओळी घातल्या: हा तक्ता पेशवेकालीन वळणाचा आहे, जन्म-मृत्यू नोंदवहीतील वळण वेगळे असते आणि अधिकृत कामासाठी मान्यताप्राप्त मोडी वाचकाकडूनच लिप्यंतर करून घ्यावे. फायलीचे नाव तेच ठेवले. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्या मोठ्या संकेतस्थळाचा लेख उघडून पाहिला, तर आमची सूचना त्यांच्याच पानावर, त्यांच्याच मथळ्याखाली झळकत होती. संपादकांचे उत्तर अद्याप आलेले नाही, पण आता त्याची घाईही राहिलेली नाही.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

सराव-नमुन्यांची छायाचित्रे दोन आकारांत केली. पान उघडताना सुमारे १२० केबीचे लहान चित्र येते आणि वाचणाऱ्याने त्यावर टिचकी मारली तरच मोठे उतरते. शिवाय खालची चित्रे पान खाली सरकवल्याशिवाय मागितलीच जात नाहीत. तीन वर्षे टाळलेले काम दीड दिवसात झाले.

चित्र लहान करताना किती तपशील गमवायचा, हा प्रश्न मात्र यंत्रावर सोडता आला नाही. मोडीत एखादा उकार किंवा अनुस्वाराचे टिंब गेले तर शब्द बदलतो, आणि चित्र दाबणारे सॉफ्टवेअर जुन्या कागदावरचा बारीक ठिपका धूळ समजून पुसते. नमुना ६ मध्ये अशी तीन टिंबे नाहीशी झाली होती. गुरुजींनी प्रत्येक लहान चित्र मुळाशी ताडून पाहिले आणि अकरापैकी चार परत पाठवली.

भेट देणाऱ्यांची संख्या उतरू लागली आहे. काल साडेतीनशेच्या आत होती.

शनिवार, १८ नोव्हेंबर

ई-मेलचा हिशेब आज लावला. नऊ दिवसांत चौसष्ट आले, त्यांपैकी एक्केचाळीस जणांनी नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र जोडले आहे. बहुतेकांचा मजकूर एका ओळीचा आहे: यात कुणबी लिहिले आहे का, ते सांगा. काहींनी नमस्कारही लिहिलेला नाही, आणि त्याचा राग यावा असेही काही त्यात नाही. अडल्या माणसाला मायना सुचत नाही. पाच छायाचित्रांत मोडी नव्हतीच. ती मराठवाड्यातली होती आणि उर्दूत होती, कारण निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू होती. त्या पाचही जणांना तसे कळवले आणि उर्दू जाणणाऱ्याकडेच जावे, असे सांगितले.

उरलेल्या छत्तीस जणांचे काय करावे, यावर गुरुजींशी दोन तास बोलणे झाले. माझे मत होते की एक शब्द वाचून द्यायला काय जाते? गुरुजींनी ते मान्य केले नाही. त्यांचे म्हणणे असे की आपण वाचून दिलेल्या शब्दाला कायद्यात किंमत नाही, पण तो माणूस त्याच्यावर विसंबून गाडीभाडे खर्चील, वकील गाठील, भावकीत वाद घालील. आपण वाचले ते चूक निघाले तर त्याचे नुकसान, आणि बरोबर निघाले तरी त्याला पुन्हा मान्यताप्राप्त वाचकाकडे जावेच लागणार. शिवाय त्या प्रत्येक पानावर एकाच्या नोंदीबरोबर आणखी दहा-बारा घरांची नावे, जाती आणि मृत्यूची कारणे आहेत. ती पाने आपल्याकडे साठवून ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?

ठरले ते असे: कोणालाही तो एक शब्द वाचून द्यायचा नाही. आलेली छायाचित्रे उत्तर पाठवल्यावर पुसून टाकायची. त्याऐवजी नोंदवहीचे पान कसे असते, रकाने कोणते, आकडे आणि महिन्यांची नावे कशी लिहिलेली असतात, हे शिकवणारे स्वतंत्र पान तयार करायचे. आरक्षणाच्या प्रश्नात हा प्रकल्प पडणार नाही, हेही त्या पानावर लिहायचे. मला अजूनही वाटते की गुरुजी जरा जास्तच ताठर आहेत, पण मोडी त्यांची आहे आणि सर्व्हर माझा, अशीच आमची वाटणी पहिल्यापासून आहे.

बुधवार, २२ नोव्हेंबर

आज एक पत्र आले, ज्यात कुणबी हा शब्द नव्हता. एका निवृत्त शिक्षिकेने लिहिले होते की त्या मोठ्या लेखावरून त्या आमच्याकडे आल्या, तक्ता पाहिला, सनांची खिडकी दिसली म्हणून सहज पानिपताची तिथी घालून पाहिली: पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. खिडकीने उत्तर दिले १७६०. मग त्यांनी सुहूर सन घातला, इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. पुन्हा उत्तर १७६०. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, हे शाळकरी पोरालाही पाठ असते, तेव्हा आपली खिडकी एकदा तपासावी, अशी त्यांची नम्र सूचना होती.

खिडकी मीच लिहिलेली आहे. शकात ७८ आणि सुहूर सनात ५९९ मिळवायचे, एवढेच तिला सांगितलेले होते. शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते आणि इसवी सनाचे जानेवारीत. त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून तिथे जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० हवेत. फसलीचेही तेच: ५९० आणि ५९१. हे मला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. गुरुजी वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. खिडकी लिहिताना सोपे सूत्र घातले, पुढे दुरुस्त करू म्हटले, आणि चार वर्षे तिच्यावर विसंबून आम्हीच नमुन्यांना सन देत राहिलो. गुरुजी सन पाहतच नाहीत, ते शकात विचार करतात. म्हणून त्यांच्याही लक्षात आले नाही.

अकरा नमुन्यांपैकी तीन पौष-माघातले निघाले आणि तिन्हींचे इसवी सन एका वर्षाने चुकलेले होते. नमुना ११ चे कर्जखत १७९२ चे नसून १७९३ चे आहे. या वहीतील ४ नोव्हेंबरची नोंद मात्र खोडलेली नाही. ती जशी लिहिली तशीच राहू दिली आहे.

ज्या पाव्हण्याच्या लेखातील चुका काढण्यात मी आठवडा घालवला, त्याच लेखाच्या वाटेने माझी चूक दाखवणारे माणूस आले. शिक्षिकाबाईंना आभाराचे उत्तर लिहिताना हे त्यांनाही कळवले. त्यांनी उलट उत्तरात पुढचे काम दिले आहे: राज्याभिषेक शकाची सोय खिडकीत का नाही?

सोमवार, २७ नोव्हेंबर

खिडकी नव्याने लिहून झाली. आता महिना विचारल्याशिवाय ती इसवी सन सांगत नाही आणि महिना ठाऊक नसेल तर दोन्ही सने दाखवते. तपासणीसाठी तिथी आणि तारीख दोन्ही पक्क्या ठाऊक असलेले प्रसंग घेतले. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४, हा शिवराज्याभिषेकाचा दिवस आणि पानिपत हे त्यांतले पहिले दोन. राज्याभिषेक शकाची सोय केली. ज्या पानावर चुकीचे सन चार वर्षे होते, तिथे कोणते सन बदलले आणि कधी बदलले, याची नोंद उघडपणे दिली आहे.

संपादकांचे उत्तर आज आले. त्यांनी गुप्त हा शब्द काढला आहे, तास-दोन तासांचा भरवसा तसाच ठेवला आहे, आणि तक्त्याचे चित्र आता स्वतःच्या सर्व्हरवर घेतले आहे. घेताना आमच्या दोन ओळींसकट घेतले, हे महत्त्वाचे. चित्राखाली प्रकल्पाचे नावही आले आहे. त्यात एक काना कमी पडला आहे, पण त्यासाठी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

मंगळवार, ५ डिसेंबर

नोंदवहीच्या पानासाठी नमुने कोठून आणायचे, हा पेच होता, कारण खऱ्या वहीचे पान दाखवायचे नाही असे आपणच ठरवले आहे. गुरुजींनी तोड काढली. त्यांनी ताव आखून, टाक आणि शाई घेऊन, कल्पित नावांच्या वीस नोंदी स्वतः लिहायला घेतल्या आहेत आणि प्रत्येक नोंद वेगळ्या कारकुनाच्या हातची वाटावी असा त्यांचा प्रयत्न आहे: एक सरळ, एक तिरपा, एक ओळीच्या शेवटी अक्षरे चेपून बसवणारा, एक म्हातारा ज्याचा हात थरथरतो. शेवटच्यासाठी फार कष्ट पडत नाहीत, असे ते म्हणाले.

टाकाची जुनी निबे मात्र मिळेनाशी झाली आहेत. आज साताऱ्यात चार दुकाने हिंडलो. एका ठिकाणी डबीच्या तळाशी सहा निघाली, त्यांतली दोन गंजलेली.

मंगळवार, १९ डिसेंबर

नोंदवहीच्या रकान्यांचे पान, चौदा नमुन्यांसह, आज प्रसिद्ध केले. ज्या छत्तीस जणांना आपण नकार दिला होता, त्यांना प्रत्येकाला वेगळे पत्र लिहून या पानाचा पत्ता कळवला. त्यांच्यापैकी अकरा जणांची उत्तरे आली. एकाने, आता उशीर झाला, आमचे काम दुसरीकडून झाले, असे सरळ लिहिले आहे. एकाने शिव्या घातल्या आहेत आणि त्या मोडीत घातलेल्या नाहीत, याची गुरुजींना खंत वाटली.

तंजावरहून एक पत्र आले आहे, तेही त्याच लेखाच्या वाटेने आलेले. पत्र लिहिणाऱ्यांच्या घरी मराठी बोलतात आणि घरात जुने मोडी कागद आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात तिथल्या भोसले राजांच्या काळातील मोडी दफ्तर आहे, हे आम्ही ऐकून होतो. तिकडच्या एखाद्या घरातला कागद मात्र पहिल्यांदाच पाहिला. गुरुजी तीन दिवस त्या एका छायाचित्रावर बसले आहेत. मराठी वाक्यात मधूनच एखादा शब्द येतो, जो वाचता येतो पण कळत नाही, आणि तो तमिळ असावा असा आमचा अंदाज आहे. घरच्यांनी परवानगी दिली तर हा नमुना १२ होईल.

रविवार, ७ जानेवारी २०२४

गेल्या आठवड्यात दिवसाला सरासरी सत्तर जण आले. त्या मोठ्या लेखावरून आता दिवसाला पाच-सहाच येतात. बाकीचे कोठून येतात, हे नोंदपत्रकावरून कळत नाही, कारण व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस मागचा माग बहुधा ठेवत नाही. डिसेंबरभरात मिळून साडेतीन जीबी खर्च झाले. जादा घेतलेली मुभा पुढे चालू ठेवायची नाही, असे ठरवले.

नोंदवहीचे पान वाचून सराव करणाऱ्यांपैकी नऊ जण आता नियमाने आपले लिप्यंतर तपासायला पाठवतात. त्यांच्यातला एक त्या छत्तिसांपैकीच आहे. त्याने काल गुरुजींच्या कल्पित नोंदींपैकी क्रमांक ९ पूर्ण वाचून पाठवली. दोन अक्षरे चुकली होती आणि महिना बरोबर होता. स्वतःच्या घरच्या नोंदीविषयी त्याने पुन्हा काही विचारलेले नाही, मीही विचारले नाही.

राहिलेली कामे: नोंदी १५ ते २०, तंजावरच्या घरची परवानगी, फसली सनाच्या खिडकीतील महिन्यांची नावे. शेवटचे चांगले निब काल मोडले. गुरुजींचे एक विद्यार्थी मंगळवारी पुण्याहून येणार आहेत, त्यांना अप्पा बळवंत चौकात पाहून यायला सांगितले आहे. तोवर नोंद १५ थांबेल.